ए-302 मधला कॉकटील एवढा का ओरडतो? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

नीलेश (ए-202): अश्विनीताई, राग मानू नका, पण तुमच्या कॉकटीलबद्दल, त्या तुरेवाल्या छोट्या पोपटाबद्दल, बोलायचं होतं. माझी रात्रपाळी असते. सहाला येऊन पाठ टेकतो आणि साडेसहाला तो सुरू होतो. वीस मिनिटं तोच कर्कश आवाज, संध्याकाळी परत तेच. त्याला काही दुखतंय का?

अश्विनी (ए-302): नीलेश, खरंच सॉरी. खाणंपिणं, अंगकाठी सगळं ठीक आहे त्याचं. मी नुसती आतल्या खोलीत गेले तरी ओरडतो, दिसले की गप्प. घरचे म्हणतात लाडावलाय. चादर टाकली की थांबतो. आता दिवसाही झाकून ठेवू का?

सुहासकाका (बी-104): अश्विनी, दिवसा चादर अजिबात नको. पंचवीस वर्षं पक्षी सांभाळतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तो लाडावलेला नाही. कॉकटील मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, मोकळ्या मुलखातला, थव्यानं राहणारा. थव्यातलं कुणी नजरेआड झालं की बाकीचे हाक घालतात आणि ते उत्तर देतं: इथेच आहे. पक्षीतज्ज्ञ याला काँटॅक्ट कॉल म्हणतात. थव्यापासून तुटलेला पक्षी ससाण्याला सहज सापडतो, त्यामुळे हाकेला उत्तर न येणं ही त्याच्या दृष्टीनं भीतीची गोष्ट. तुमच्या घरात थवा म्हणजे तू. पहाटे आणि दिवेलागणीला तो जास्त ओरडतो तेही यातलंच. थवे उठताना आणि झोपायच्या झाडावर जमताना असाच गलका करतात.

परवा तुझ्याकडे आलो होतो तेव्हा नीट पाहिलं. तू आत गेलीस, त्याचा तुरा ताठ झाला, मान लांब करून तो दाराकडे बघायला लागला. एक हाक दिली, तीसुद्धा हळू. मग तीन-चार सेकंद पूर्ण गप्प, डोकं किंचित कलतं. तू काही बोलली नाहीस. दुसरी हाक मोठी आली, तिसरी त्याहून मोठी. ती मधली शांतता ध्यानात घे. तो उत्तराची वाट बघत होता गं.

उषाकाकू (सी-203): पाण्याचा फवारा मारला की पक्षी गप्प होतात असं ऐकलंय. नाहीतर एकदा जोरात दटवायचं.

सुहासकाका (बी-104): उषाताई, दोन्ही नको. शिक्षा म्हणून फवारा मारला तर तो अश्विनीलाच घाबरायला लागेल, आणि हाकेचं मूळ कारण तसंच राहील. दटावलं तर त्याच्या लेखी तेही उत्तरच. थवा ओरडून बोलतोय असं समजून तो आणखी आवाज चढवेल.

स्नेहा (सी-401): काका, मग हे उपजत की शिकलेलं? पोपट तर माणसाचं ऐकून बोलतात.

सुहासकाका (बी-104): चांगला प्रश्न. पक्ष्यापक्ष्यात फरक आहे. कोंबडा बांग शिकत नाही. कोनिशी नावाच्या पक्षीसंशोधकांनी 1963 मध्ये दाखवलं की पिल्लाची ऐकण्याची क्षमता गेली तरी त्याचा आवाज नेहमीसारखाच तयार होतो. जपानमध्ये 2013 मध्ये असंही दिसलं की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेसुद्धा शरीरातल्या घड्याळाप्रमाणे वेळेवर आरवतात. झेब्रा फिंच या छोट्या गाणाऱ्या पक्ष्याचं उलटं. नर पिल्लू साधारण पहिल्या तीन महिन्यांत बापाचं गाणं ऐकून शिकतं. ऐकायलाच मिळालं नाही तर गातं, पण ते गाणं विस्कटलेलं असतं.

पोपटांच्या कुळात हाक मारायची ओढ उपजत, पण हाकेचा सूर बराचसा ऐकून घडलेला. व्हेनेझुएलातल्या लहान पॅरटलेट पोपटांचा अभ्यास 2011 मध्ये आला. तिथे आईबाप प्रत्येक पिल्लाला जवळजवळ नावासारखी वेगळी हाक देतात आणि पिल्लू तीच उचलतं. मला ही माहिती कळली तेव्हा रात्री उठून माझ्या पक्ष्यांकडे बघत बसलो होतो.

अर्णव (ए-502): आजोबा, आमची कॉकटील मादी शीळच घालत नाही.

सुहासकाका (बी-104): बाळा, शिट्या आणि गाणी जास्त करून नर करतात. मादी कमी बोलते, ती नाराज नाही.

अश्विनी (ए-302): काका, मग मी करू काय?

सुहासकाका (बी-104): दोन सुरांची एक छोटी शीळ ठरव. त्याच्या पहिल्या, हळू हाकेलाच ती दे, जिथे असशील तिथून. पाचव्या किंकाळीला धावत गेलीस तर किंकाळीनंच तू येतेस हे तो शिकेल. पिंजरा नीलेशच्या बेडरूमवरच्या खोलीतून हलव, जाड पडदा लाव, म्हणजे त्याचं उजाडणं उशिरा होईल. त्याला रात्री दहा-बारा तास झोप लागतेच.

आणि एक महत्त्वाचं. ओरडण्यापेक्षा अचानक गप्प होण्याची काळजी कर. पक्षी आजार लपवतात. आवाज बसला, श्वासाबरोबर शेपटी वरखाली व्हायला लागली, तर त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे ने.

नीलेश (ए-202): मला हे काहीच माहीत नव्हतं. ताई, साडेआठपर्यंत झोप मिळाली तरी पुरे.

अश्विनी (ए-302): पिंजरा आत्ताच हॉलमध्ये हलवला.

*(चार दिवसांनी)*

अश्विनी (ए-302): काका, आज सकाळपासून चार वेळा पहिल्याच हाकेला शीळ दिली, चारही वेळा गप्प बसला. एकदा तर माझीच शीळ परत घातली त्यानं! पाचव्यांदा फोनवर होते, उत्तर द्यायचं राहिलं, तेव्हा मात्र ओरडला. नीलेश, ऐकू आलं का?

नीलेश (ए-202): आलं. तेवढं एकदाच. चालेल, ताई.