मदत हवी आहे : पठ्ठे बापूरावांच्या लावण्या ओळखायच्या कशा?

नमस्कार मंडळी. माझे आजोबा तमाशात सुरत्या (मुख्य गायकामागे सूर धरणारे) होते. त्यांची एक वही आता माझ्याकडे आली आहे. निम्मी मोडीत, निम्मी बाळबोध. कडा वाळवीने खाल्लेल्या. बऱ्याच लावण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'पठ्ठे बापूराव' अशी नाममुद्रा आहे.

शाहिरांबद्दल मला ठाऊक आहे ते एवढंच: मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, गाव रेठरे हरणाक्ष. कुलकर्णीपण सोडून त्या काळी फडावर उभं राहायचं, घरच्यांचा आणि गावाचा रोष पत्करायचा, ही साधी गोष्ट नव्हे. पुढे पवळाबाई हिवरगावकरांच्या साथीने त्यांचा तमाशा गाजला. १९४५ साली ते गेले. दोन लाख लावण्या रचल्याचं सांगतात, पण छापलेल्या फार थोड्या दिसतात.

वहीत मुंबईची लावणी आहे, पण छापील पाठापेक्षा दोन कडवी जास्त! ती शाहिरांची की फडावर कोणी जोडलेली? नाममुद्रा तर कुणीही घालू शकतो. भाषेवरून, चालीवरून हे ठरवता येतं का? आणि मोडी पानं वाचून देणारं कोणी आहे का? पानं रोज थोडी थोडी झडताहेत, जीव तुटतो. फोटो लगेच पाठवते.