लंडनमध्ये बाबांना पक्षी बघायला कुठे नेऊ?

आईबाबा फेब्रुवारीत पुण्याहून येतायत. आई म्युझियम, बाजार सगळीकडे आनंदाने फिरेल पण बाबांचा जीव पक्ष्यांत, दर हिवाळ्यात भिगवणला जाऊन पहाटे होडीत बसणारा माणूस आहे तो. गुडघे दुखतात त्यामुळे चिखलात लांब चालणं नको. बार्न्सच्या लंडन वेटलँड सेंटरबद्दल ऐकलंय, पण तिकीट काढून जाण्याइतकं तिथे काही आहे का?

पाणकावळा:
बिनधास्त न्या. तिथे आधी व्हिक्टोरियन काळातले चार काँक्रीटचे पाणीसाठे होते, लंडनला त्यांची गरज उरली नाही तेव्हा ते फोडून 40 हेक्टरवर तळी, दलदल आणि बोरूची बेटं केली आणि 2000 साली लोकांसाठी उघडलं. थापट्या आणि गॅडवॉल ही बदकं एवढी यायला लागली की 2002 मध्ये जागेला कायद्याचं संरक्षण मिळालं. हो, भिगवणला दिसतो तोच थापट्या! चमच्यासारखी चोच पाण्यात घालून चारपाच जण एकामागे एक गोल गोल फिरत राहतात, मी अर्धा तास तेच बघत बसलो होतो. कपाळावर पांढरा टिळा असलेले आपले वारकरी पक्षीपण भरपूर.

रानवाट:
गुडघ्यांची काळजी नको, रस्ते सपाट आहेत आणि तीन मजली पीकॉक टॉवरला लिफ्ट आहे. सुरुवातीला कुंपणातली बदकं लागतात, तिथे वेळ घालवू नका, सरळ लपणात (आडोशाला बसून पक्षी बघायच्या खोलीत) जाऊन बसा. फेब्रुवारी म्हणजे बिटर्नचा, बोरूत लपून राहणाऱ्या बगळ्याच्या जातीतल्या पक्ष्याचा मोसम. मला तिसऱ्या खेपेला दिसला, समोर नुसता वाळका बोरू, मग त्यातलीच एक काडी हलली असं वाटलं आणि ती चोच निघाली, अंगावर काटा आला अक्षरशः. कुत्र्यांना आत सोडत नाहीत त्यामुळे पक्षी निवांत असतात.

टिटवी_पुणे:
फुकटात हवं असेल तर वॉल्थमस्टो वेटलँड्स, टॉटनहॅम हेल स्टेशनहून चालत. 2017 ला उघडलं, पाणीसाठे अजून वापरात आहेत. पण पसारा प्रचंड, वारा बोचरा आणि चालणं जास्त, म्हणून बाबांसाठी मी बार्न्सच म्हणेन.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप खूप आभार सगळ्यांचे! बार्न्स नक्की. बाबांना फोनवर सांगितलं तिकडे वारकरी आहेत म्हणून, लगेच म्हणाले दुर्बीण सामानात नको, हातातल्या बॅगेतच घेतो.