मदत हवी आहे: पावसात घाट उतरताना गाडी घसरते, ब्रेक कसा मारावा?

घाटवाट
२०११ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. कराडहून चिपळूणला कुंभार्ली घाटातून नेहमी उतरावं लागतं. पावसात वळणाजवळ ब्रेक दाबला की स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जाते. कधी उलट होतं, मागचा भाग बाहेर फेकला जातो. दोन्ही वेळी नेमकं काय करायचं? हँडब्रेकचा उपयोग होतो का? टायर बदलू की ब्रेक तपासून घेऊ?

चाकोरी
हे दोन वेगळे प्रकार आहेत. पण मूळ एकच: टायरची पकड मर्यादित असते. थांबण्यातच ती सगळी संपली, तर वळायला काही उरत नाही.

गाडी सरळ जाते तेव्हा पुढची चाकं लॉक झालेली असतात. न फिरणारं चाक गाडी वळवू शकत नाही. ब्रेकवरचा पाय सैल करा, चाक पुन्हा फिरू लागेल इतकाच. स्टिअरिंग आणखी पिळू नका, उलट थोडं सरळ करा आणि पकड आली की हळूहळू वळवा. पूर्ण वळवलेल्या चाकांना अचानक पकड मिळाली तर गाडी झटक्यात आत वळते. मग डोंगराकडचं गटार तरी समोर येतं, नाहीतर वर चढणारा ट्रक. ब्रेक पुन्हा दाबाल तो लॉक होण्याच्या अलीकडेच थांबवा.

मागचा भाग सुटला तर ब्रेकवरून पाय काढा आणि तो भाग ज्या बाजूला चाललाय त्याच बाजूला स्टिअरिंग वळवा. उजवीकडे गेला तर उजवीकडे. नजर रस्त्यावर, जिथे जायचंय तिथे. कठड्याकडे बघाल तर हातही तिकडेच वळतात. गाडी सरळ होऊ लागली की स्टिअरिंगही लगेच सरळ करा. इथे उशीर झाला तर गाडी विरुद्ध बाजूला फेकली जाते आणि हा दुसरा झटका बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा जोराचा असतो.

हँडब्रेक अजिबात नको. तो फक्त मागची चाकं धरतो, म्हणजे गाडी गरकन फिरणार. पायाचा ब्रेक पूर्ण निकामी झाला तरच, बटण दाबून धरून थोडा थोडा ओढायचा.

खरा उपाय मात्र वळणाच्या आधी आहे. वेग सरळ रस्त्यावरच कमी करा आणि वळायला लागण्यापूर्वी ब्रेक सोडा. ओल्या सपाट रस्त्यावर ताशी ६० वेगाला ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत साधारण ३५ मीटर लागतात, ४० ला १६. ब्रेक दाबायचं सुचेपर्यंतच्या एका सेकंदात ६० ला आणखी १६-१७ मीटर जातात, ते वेगळे. उतारावर हे सगळे आकडे वाढतात.

घाटवाट
खूप आभार. गिअर कोणता ठेवू? उतारावर न्यूट्रल केलेलं चालतं का?

चाकोरी
न्यूट्रल नाही. इंजिनाची ओढ जाते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून पकडेनासे होतात. उतार सुरू होण्याआधीच दुसरा किंवा तिसरा टाका. चौथ्यावरून एकदम दुसऱ्यात टाकून क्लच झटक्यात सोडलात तर मात्र पुढची चाकं ओल्यात तेवढ्यानेही घसरतात. तसं झालं तर क्लच दाबा, चाकं मोकळी होतील.

पाना_नंबर_१७
आधी टायर बघा. खाचांमधल्या उंचवट्यांपर्यंत झीज म्हणजे १.६ मिमी, तिथे टायर संपला. पावसासाठी ३ मिमीलाच बदला, नाहीतर पाणी बाहेर टाकलं जात नाही. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडेही वाचा: २३१६ म्हणजे २०१६ चा २३ वा आठवडा. इतक्या जुन्या टायरच्या खाचा चांगल्या दिसल्या तरी रबर कडक झालेलं असतं. दोनच नवे घेणार असाल तर मागे बसवा. गॅरेजवाले बहुतेकदा पुढे बसवायला सांगतात, पण तुमचा मागचा भाग सुटतोय, तिथेच पकड हवी. हवा टायर थंड असताना, दरवाजाच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याइतकी.

ब्रेक दाबल्यावर गाडी नेहमी एकाच बाजूला ओढत असेल तर कॅलिपरच्या (पुढच्या चाकाची ब्रेक डिस्क दाबून धरणारा भाग) पिना अडकल्यात का, मागच्या चाकाच्या ब्रेक ड्रममध्ये सिलिंडर गळतोय का हे पाहून घ्या. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं, मग लांब उतारावर तापून त्यात वाफ होते आणि पेडल मऊ लागतं.




चाकोरी
आणखी एक. साचलेल्या पाण्यातून बाहेर आलात की ताशी २० च्या आसपास, मागे कोणी नाही हे बघून, ब्रेक दोन-तीनदा हलका दाबून ठेवा. ड्रम सुकेपर्यंत नीट पकडत नाहीत.