महिन्याचं गणित कसं जमवताय? घरखर्चाचे तुमचे अनुभव

ठाणेकरीण

महागाई वाढलीये यावर कुणाचंच दुमत नाही, त्यासाठी धागा नको. मला ऐकायचंय ते हे की तुमच्या घरात गेल्या दोन-तीन वर्षांत नक्की काय बदललं, काय बंद झालं आणि कशाला हात लावायचा नाही असं ठरलं. "बाहेरचं खाऊ नका", "यादी करून बाजारात जा" छापाचे सल्ले कृपया नकोत, ते व्हॉट्सॅपवर रोज सकाळी फुलांच्या फोटोसकट येतात.

आधी माझं सांगते. आम्ही चौघं, दोघांच्या नोकऱ्या, भाड्याचं घर. मला हल्ली असं वाटायला लागलंय की भाजी-किराण्यावर आपण जरा जास्तच बोंबलतो कारण तो दर आठवड्याला डोळ्यासमोर असतो. पण २०२३च्या जुलैत दीडशे-दोनशेला गेलेला टोमॅटो गणपतीपर्यंत परत जमिनीवर आला, तूरडाळ पावणेदोनशेवरून २०२५मध्ये सव्वाशेच्या आसपास उतरली. शाळेची फी, भाडं, मेडिक्लेम यातलं काही उतरलेलं मी तरी अजून बघितलं नाहीये. तर हे एकदा चढले की न उतरणारे जे खर्च आहेत ते सगळे मी एका कागदावर मांडले, फी, क्लास, विमा, गाडीची सर्व्हिसिंग, दिवाळी, गावी जाणं-येणं, बाराने भागले, आणि पगार झाला की तेवढी रक्कम दुसऱ्या बँकेच्या खात्यात टाकते. त्या खात्याचं यूपीआय मुद्दाम सुरूच केलेलं नाही. जूनमध्ये फी भरताना आता कार्डावर हप्ते पाडावे लागत नाहीत एवढा फरक पडला. मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून गेला म्हणून मी खूश, तर नवऱ्याचं वय पुढच्या गटात गेलं आणि मूळ प्रीमियमच चढला. आलं तेवढं गेलं.

तुमचे न उतरणारे खर्च कोणते आणि त्यांचं काय करता, सांगा.

तुराटी (सोलापूर जिल्हा)

ताई तुमचं तुमच्या जागी खरं असेल पण आमच्यात किराणा आणि गॅस हाच निम्मा पगार आहे, त्यामुळं टोमॅटो दोन महिन्यांनी उतरला हे ऐकून काय उपयोग नाही, ते दोन महिने काढायचे असतात. मिस्टर टेम्पोवर, मी शिलाई करते. सिलेंडर २०२३मध्ये अकराशेच्या वर गेलेला, रक्षाबंधनाला दोनशेनं उतरवला, मग परत शंभरनं उतरला, २०२५च्या एप्रिलात परत पन्नासनं चढला. उज्ज्वलाचं कनेक्शन नाही म्हणून सबसिडी पण नाही, ती २०२०पासूनच यायची बंद झाली. त्यामुळं अंघोळीचं पाणी गॅसवर तापवायचं नाही हे ठरलेलं. मागच्या दारी चूल आहे, तुराट्या (तुरीची वाळलेली खोडं) दिराच्या रानातनं येतात. धूर होतो, डोळे चुरचुरतात, कुणी आरोग्यावर भाषण देऊ नका माहितीये मला.

ज्वारी वर्षाची एकदम भरतो, मालदांडी, सुगी झाली की फेब्रुवारी-मार्चात. तेव्हा जो भाव असतो तो दिवाळीनंतर मिळत नाही. रेशनचा गहू-तांदूळ २०२३पासून फुकट मिळतोय त्याचा खरंच आधार आहे. लाडक्या बहिणीचे पंधराशे येतात ते मी घरात घेतच नाही, त्यातले हजार सरळ भिशीला. आम्ही गल्लीतल्या बायका मिळून चालवतो, दर महिन्याला चिठ्ठी निघते, पण ज्यांची पोरं शाळेत त्यांना मे-जूनची पाळी आधीच देऊन टाकतो, त्यावर चिठ्ठी काढत नाही. हा नियम आम्हीच केला, बँकेत असला नियम मिळत नाही. उरलेले पाचशे पोरीच्या एसटीला. बाईमाणसाला निम्मं तिकीट २०२३पासून झालंय म्हणून कॉलेजला तालुक्याला पाठवता येतंय, नाहीतर २०२५च्या जानेवारीत तिकीट वाढलं तेव्हाच अवघड होतं.

ठाणेकरीण

तुराटीताई, मान्य. मी "आपण" म्हणाले ते चूक, "आमच्यासारखे" म्हणायला हवं होतं. भिशीचा मे-जूनचा नियम भारी आहे.

वाणीदादा (नाशिक)

मी दुकानदार आहे, तर गल्ल्याच्या या बाजूनं सांगतो. लोक काय कमी करतात ते आम्हाला त्यांच्या आधी कळतं. पहिलं जातं ते तेलाचा डबा. पंधरा किलोचा डबा नेणारी घरं पाच लिटरच्या कॅनवर आली आणि कॅनवाली पिशवीवर. आता गंमत अशी की सुटी पिशवी डब्यापेक्षा महागच पडते, पण हातात एकदम अडीच हजार नसतात त्याला काय करणार. १४ सप्टेंबर २०२४ला सरकारनं खाद्यतेलावरची आयात ड्युटी वाढवली, ऐन गणपतीत, आणि दिवाळीला लोकांनी चकल्याच कमी तळल्या हे मी माझ्या विक्रीवरून छातीठोक सांगतो. २०२५च्या मे अखेर कच्च्या तेलावरची ड्युटी विसाची दहा केली पण भाव चढतो लिफ्टनं आणि उतरतो जिन्यानं.

एक काम करा, पिशवीवरचं वजन वाचा. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. हल्ली साडेसातशे, आठशे, साडेआठशे ग्रॅमच्या पिशव्या निघाल्यात, दिसायला अगदी तशाच, लोक "एक लिटर द्या" म्हणतात आणि स्वस्त वाटते म्हणून तीच उचलतात. पूर्वी ठरलेल्या मापातच पॅकिंग करायचं बंधन होतं ते निघालं, तेव्हापासून हा प्रकार. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचं पण तेच, भाव तोच, बिस्किटं कमी.

दुसरं म्हणजे उधारीची वही. मधे बंद पडत आलेली, आता परत जाड झाली. आणि ज्यांची वही माझ्याकडे आहे तेच लोक दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या ॲपवरून रोखीनं मागवतात हे बघून हसू पण येतं आणि दुसरं पण काहीतरी येतं.

मोडी_हिशेब (पुणे)

निवृत्त. वय ७१. वही रोज लिहितो, १९८० सालापासूनच्या वह्या माळ्यावर आहेत, मुलगा टाकून द्या म्हणतो.

ठाणेकरीण यांचा मुद्दा ज्येष्ठांच्या बाबतीत उलट बाजूने तपासावा. आमचा खर्च चढतो आणि उत्पन्न उतरते. ईपीएसचे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीसोबतच्या योजनेचे, पेन्शन निवृत्तीच्या दिवशी जे ठरले तेच, त्याला महागाई भत्ता जोडलेला नाही. बाकी सगळे मुदत ठेवींच्या व्याजावर. २०२५मध्ये फेब्रुवारी ते जून रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ज्यावरून बँकांचे व्याजदर हलतात) साडेसहाचा साडेपाच झाला, पेपरात मथळे आले की कर्जदारांना दिलासा. ठेवीदारांचे काय झाले ते आतल्या पानावरही नव्हते. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना ८.२ टक्के देते, तिची मर्यादा २०२३पासून तीस लाख केली आहे, ज्यांनी अजून पाहिली नसेल त्यांनी पाहावी.

आमच्या दोघांच्या वहीत गेल्या दहा वर्षांत औषधांचा रकाना किराण्याच्या पुढे गेला. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घेऊ लागलो तेव्हा तो परत मागे आला. डॉक्टर आधी नाराज होते. मी त्यांना वही दाखवली.

कूलरवाला (नागपूर)

आमच्या इकडं न उतरणारा खर्च म्हणजे उन्हाळा, बाप्पा. मार्चपासून जूनपर्यंत कूलर चोवीस तास, वरून आता बाबांसाठी एका खोलीत एसी बसवला. महावितरणचं असं आहे की शंभर युनिटच्या वर एक रेट, तीनशेच्या वर त्याहून जोरदार रेट, त्या वरच्या युनिटांना. मे महिन्याचं बिल पाहून आई एसीचा रिमोट लपवून ठेवायची, खोटं नाही सांगून राहिलो.

मग छतावर सोलार लावलं, तीन किलोवॅट, सूर्यघर योजनेतून ७८ हजार सबसिडी खात्यात आली. बाकीचे पैसे कर्ज काढून, पण कर्जाचा हप्ता जुन्या सरासरी बिलाच्या जवळपासच आहे, म्हणजे जे पैसे बिलात जात होते ते आता हप्त्यात जाऊन राहिले आणि हप्ता संपणार आहे, बिल कधी संपलं नसतं. पण हे घर आमचं आणि छत आमचं म्हणून जमलं. माझा मित्र भाड्यानं राहते, त्याला मालक छतावर कपडे वाळू घालू देत नाही तर पॅनल कुठून लावू देईल.

लोकलचीच_बरी (डोंबिवली)

माझं दोन ओळीत. ट्रेनचा पास सोडून बाकी सगळा प्रवास महागला. रिक्षा २३ची २६, बेस्टचं कमीत कमी तिकीट पाचाचं दहा. स्टेशनपासून ऑफिसपर्यंत आता चालत जाते. वजन जैसे थे.

आणि हो, भांड्याच्या मावशी बंद केल्या. नाईलाज होता.

उंबरठा (सांगली)

लोकलची, तुमच्यावर राग नाही पण हे वाचून राहवलं नाही. प्रत्येक वेळी काटकसर म्हटली की पहिली कुऱ्हाड मावशींवर का पडते? त्यांच्या घरी पण तोच सिलेंडर आणि तेच तेल आहे. आमच्याकडे सासूबाईंनी उलटं केलं, मावशींचा पगार दरवर्षी गुढीपाडव्याला वाढवायचा हे त्यांनी ठरवून टाकलंय, कमी करायचं तर केबल करा, हॉटेल करा, माझी साडी करा म्हणाल्या. केबल गेली. माझे सासरे अजून रुसलेत.

लोकलचीच_बरी

उंबरठा, तुमचं बरोबर आहे पण माझ्या घरात सासूबाई नाहीत, केबल आधीच नाही आणि मुलाचा पगार चार महिने अडकलेला. सुरू झाला की मावशींना परत बोलावणार आहे, त्यांना तसं सांगितलंय पण त्या तोपर्यंत थांबतील कशा.

खारें_सुकें (पेडणे, गोवा)

आमच्याकडे पावसाळ्याचं वेगळं बजेट असतं, आई त्याला पुरुमेत म्हणते. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, त्या दोन महिन्यांत ताजी मासळी हात लावू देत नाही, म्हणून मे महिन्यातच सुके बांगडे, सुंगटां (कोळंबी), आमसुलं, मिरच्या, आंबाड्याचं लोणचं सगळं भरून ठेवायचं. पूर्वी हे गरिबीतलं समजत, आता सुकी सुंगटांच अशी महाग की भेट म्हणून द्यावीत.

पण २०२५मध्ये खरा दणका नारळानं दिला. पन्नास-साठ रुपयांना एक नारळ, नारळाच्या राज्यात! रोजच्या हुमणाला, म्हणजे नारळ वाटून केलेल्या मासळीच्या आमटीला, अर्धा लागतो. आई अर्ध्याचा पाव करायला तयार नाही, म्हणते पातळ हुमण खायचं त्यापेक्षा एक दिवस पेज खाऊ. तर आठवड्यातून दोन दिवस पेज आणि खारें, आणि बाकी दिवस हुमण पूर्वीसारखंच दाट. मला वाटतं हे बरोबर आहे, सगळंच थोडं थोडं बेचव करण्यापेक्षा.

एडिसनकर (न्यू जर्सी)

डॉलरमध्ये कमावतात त्यांना काय कळणार असं कुणी म्हणायच्या आत लिहितो. २०२३च्या जुलैत भारतानं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली तेव्हा इथल्या देशी दुकानांत सोना मसुरीच्या गोण्यांसाठी रांगा लागलेल्या, माणशी एकच गोणी अशा पाट्या. २०२५च्या सुरुवातीला बर्ड फ्लूमुळे अंडी डझनाला सहा डॉलरच्या पुढे. हे सगळं येतं नि जातं. न उतरणारा खर्च म्हणजे मुलीचं डेकेअर, ते जवळपास घराच्या हप्त्याएवढं आहे. आई-बाबा सहा महिने येऊन राहतात तेव्हा ते वाचतं, आणि हे असं हिशेबात मांडताना बरं वाटत नाही, पण मांडलेलं आहे.

तुराटी

वाणीदादा, तेलाच्या पिशवीचं आजच बघितलं, आमच्याकडची साडेआठशे ग्रॅमचीच निघाली. आम्ही चार घरं मिळून एक डबा घ्यायचं ठरवलंय, मापायला दुधाचं लिटरचं माप आहे.

वाणीदादा

ताई मापानं नको, वजन करून वाटा. आणि रिकामा डबा कोण नेणार ते आधीच ठरवा, भांडणं तिथंच होतात.

ठाणेकरीण

तुराटीताई, मी सोसायटीतल्या मैत्रिणींना तुमच्या भिशीबद्दल सांगितलं, सहा जणी तयार आहेत. एकच प्रश्न सगळ्या विचारतायत, आपली पाळी झाल्यावर मधेच कुणी पैसे द्यायचं बंद केलं तर?

तुराटी

नवीन बाईला पहिल्या वर्षी शेवटची पाळी. आणि तिला आणणारीनं तिची जबाबदारी घ्यायची, ती चुकली तर आणणारी भरणार. आमच्यात एकदाच झालं तसं, आणणारीनं भरले, दोघी अजून बोलत नाहीत पण भिशी चालू आहे.