मदत हवी आहे: प्रियस हायब्रिड की मियाटा, डेन्व्हरच्या उंचीवर पिकअप नक्की कुणाचा?

मंडळी, गाड्यांतल्या जाणकारांनी जरा मदत करा. मी डेन्व्हरला राहतो, २०२३ ची टोयोटा प्रियस आहे, हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही, नवीन शेपवाली, २.० लिटर, १९४ हॉर्सपॉवर. मित्राकडे माझदा मियाटा, छप्पर उघडणारी, तीही २.० लिटर पण साधं पेट्रोल, १८१ हॉर्सपॉवर, सहा गिअर मॅन्युअल. तो माझ्या गाडीला कायम टॅक्सी म्हणतो, आणि सिग्नल सुटला की चौक ओलांडेपर्यंत दर वेळी मीच पुढे. रेस नाही लावत हां, रस्त्यावर असले उद्योग करायचे नाहीत एवढी अक्कल दोघांनाही आहे, नेहमीसारखं निघतो तरी असं होतं.

आता कागदावर बघा. टोयोटा शून्यापासून ताशी ६० मैलांच्या वेगाला ७.२ सेकंद सांगते, मियाटा मासिकांच्या टेस्टमध्ये सहाच्या आसपास. प्रियस साधारण १४०० किलो, मियाटा १०६० च्या आसपास, म्हणजे टनामागे माझे १३८ हॉर्सपॉवर आणि त्याचे १७०. हिशोबाने मी मागेच राहायला हवा ना?

त्यात आणखी एक, आपण ५२८० फुटांवर. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारं यंत्र) नसलेलं इंजिन दर हजार फुटांना ३ टक्के ताकद गमावतं असं धरलं तर १५-१६ टक्के गेलेच, त्याचे १८१ चे दीडशेच उरतात. माझंही इंजिन विनाटर्बोच आहे पण मोटरला विरळ हवेशी काय घेणंदेणं? मग इथे दोघांतला फरक किती उरतो? आणि मोजायचा कुठे, बँडिमिअर ड्रॅग स्ट्रिप (सरळ रेषेतल्या शर्यतीचा ट्रॅक) तर २०२३ मध्ये बंदच झाली. फोनवरचं जीपीएस ॲप भरवशाचं असतं का?

प्रतिसाद

अहो, चौकापर्यंत तुम्ही पुढे असणारच. मोटरचा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) शून्य आरपीएमपासून हजर असतो, क्लच नाही, गिअर बदलणं नाही. मियाटाची खरी मजा वर आहे, ७५०० पर्यंत ताणते ती, आणि मित्र दोन-अडीच हजारावरच गिअर बदलत असणार. त्याला एकदा नीट ताणू द्या, मग बोला. सहा सेकंद काढणारा टेस्टवाला क्लचवर दया दाखवत नाही, रोज ऑफिसला जाणारा माणूस तसं करेल का? म्हणून ५ ते ६० मैलांचा रोलिंग स्टार्टचा, म्हणजे गाडी आधीच हळू चालत असतानाचा, आकडा शोधा, काही मासिकं छापतात, त्यात सुटण्याची कसरत बाद होते. ॲपबद्दल म्हणाल तर अमेरिकन मासिकं पहिला एक फूट धरतच नाहीत, तिथेच पाव सेकंदाच्या वर सूट मिळते, शिवाय हवामानाचं करेक्शनही करतात, त्यामुळे तुमचं ॲप वेळ जास्तच दाखवणार. दोघांच्या गाड्यांवर एकच ॲप, सपाट जागा, दोन्ही दिशांनी, मग ते आकडे एकमेकांशीच ताडा.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, पण उंचीचं गणित अर्धंच मांडलंय राव. आय-७० हायवेने डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चढा एकदा, ११ हजार फुटांच्या वर आहे तो. प्रियसची बॅटरी एक किलोवॉट-अवरसुद्धा नाही. सिग्नलला पाच-सात सेकंदांचा धक्का द्यायला ती पुरते, पण लांब चढावर बॅटरी उतरून मोटरची मदत थांबली की १५० हॉर्सपॉवरचं इंजिन उरतं, त्यातलाही तिसरा हिस्सा त्या उंचीवर गेलेला, आणि ओढायचे १४०० किलो. ई-सीव्हीटीमुळे (हायब्रिडचा पायऱ्या नसलेला गिअरबॉक्स) ते एकाच सुरात घोंगावत बसतं ते वेगळंच, डोकं उठतं. तिथे मियाटा गिअर उतरवून निघून जाईल. शहरात तुम्ही, घाटात तो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. बोगद्याकडचं घोंगावणं अगदी ओळखीचं आहे, बायको तेव्हा गाणी मोठी करते. रोलिंग स्टार्टचा मुद्दा पटला, येत्या शनिवारी मोकळी जागा बघून ॲपवर घेतो आणि इथेच टाकतो. मित्र मात्र प्युब्लोच्या ड्रॅग स्ट्रिपवरच जाऊ म्हणून हटून बसलाय. तिथे कुणी गेलंय का? स्वतःची रोजची गाडी घेऊन जाता येते का, आणि छप्पर उघडणाऱ्या गाडीला रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा दांडा) मागतात का? त्याच्याकडे नाहीये.