मदत हवी आहे: सांगलीत केसपेपर न काढता दाखवता येईल असा काउन्सेलर?

द्राक्षबाग:
भावासाठी पाहिजे. सांगली किंवा मिरज. केसपेपर, फाईल काही नको, नाव कुठं लागायला नको. पैसे देऊ. गुगलवरचं सगळं बघून झालंय, त्याच लिंका परत टाकू नका. कुणी स्वतः गेलं असेल तर नाव सांगा. अर्जंट.

कृष्णाकाठ:
वय किती? होतंय काय? आणि केसपेपरची एवढी धास्ती कशाला?

गणपती_पेठ:
विश्रामबागेत एक बाई आहेत, आमच्या पुतणीला चांगला फरक पडला. परीक्षेची भीती, एकाग्रता वगैरे बघतात. भाऊ कितवीला आहे?

द्राक्षबाग:
कितवीला नाही हो, २७ पूर्ण आहे. खोलीतनं बाहेर येत नाही, दिवसभर झोपतो, रात्री जागा असतो. मी फक्त नाव विचारलंय.

निवृत्त_पीटी_मास्तर:
मोबाईल. दुसरं काही नाही. काढून घ्या आणि पहाटे पाचला मैदानावर न्या. घाम गाळला की मन आपोआप ताळ्यावर येतं. शेकडो पोरं बघितलीत मी.

द्राक्षबाग:
मास्तर, कॉलेज सुटल्यापासून तो रोज पहाटे पाचला मैदानावरच होता. पोलीस भरती करतोय. आता पळणंच बंद केलंय.

निवृत्त_पीटी_मास्तर:
मग आधी सांगायचं ना. १६०० मीटरला २० गुण असतात, तिथं दोन-चार गेले की यादीतनं बाहेर. अकॅडमी बदला. तासगावात हल्ली गल्लीगल्लीत अकॅडम्या झाल्यात, गोळाफेक धड कुणी शिकवत नाही.

कृष्णाकाठ:
मास्तर, माणूस अंथरुणातनं उठत नाही आणि तुम्ही त्याला गोळा फेकायला लावताय.

निवृत्त_पीटी_मास्तर:
तुम्ही लोकांनी लाड करूनच ही पिढी अशी केलीय.

बेदाणावाला:
तासगाव भागातले का तुम्ही? बाग कुठली, सोनाक्का का? यंदा माल बेदाण्याला टाकला की बाजारात दिला?

द्राक्षबाग:
दराचं नंतर बोलू. केसपेपरचं यासाठी, की नोंद झाली तर भरतीच्या मेडिकलला अडकेल. खुल्या वर्गातला आहे, वयात बसणारी ही शेवटचीच भरती.

आयर्विन_पूल:
खुल्याला १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३. दाखला निघतो का बघितलं का? आमच्या चुलतभावाने शेवटच्या आठवड्यात काढला. कागदपत्रं सांगू का?

गणपती_पेठ:
नोंद नकोच. चारित्र्य पडताळणीत सगळं निघतं.

कृष्णाकाठ:
पडताळणीत गुन्हे बघतात ताई, आजार नाही. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचा हक्क आहे. दवाखाने भरती मंडळाला याद्या पाठवत नाहीत.

सिस्टर_मिरज:
मेडिकलला काय विचारतील ते तेव्हा बघू. द्राक्षबाग, मला हे सांगा: जेवतो का? वजन उतरलंय? दारू? "माझ्यामुळं घरच्यांना त्रास", "आता काय उरलंय" असं काही बोलतो का? आत्ता त्याच्याजवळ कोण आहे?

द्राक्षबाग:
दारू नाही. जेवण निम्म्यावर आलंय. आई आणि चुलते आहेत घरी, मी चाकणला कंपनीत. पण खरं सांगायचं तर या आठवड्यात जरा सुधारलाय. स्वतःहून खाली आला, आईशी नीट बोलला. स्पाइक, गोळा, पुस्तकं सगळं गल्लीतल्या पोराला देऊन टाकलं. मित्राचे उसने पैसेही फेडले. म्हटलं शांत झालाय तोवर एखादा काउन्सेलर गाठावा.

निवृत्त_पीटी_मास्तर:
चला, नाद सुटला. आता शेतीत लक्ष घालू द्या.

सिस्टर_मिरज:
मास्तर, थांबा. द्राक्षबाग, याला मी सुधारणा म्हणणार नाही. इतके दिवस गळून गेलेला माणूस अचानक शांत होऊन जपलेल्या वस्तू वाटतो, देणी फेडतो, तेव्हा आम्ही वॉर्डात कान टवकारतो. कदाचित तसं काही नसेलही. पण काउन्सेलर शोधत बसू नका, आज त्याला सरळ विचारा: "जीव द्यायचं मनात येतं का?" याच शब्दांत. आणि बाग आहे म्हणजे फवारणीची औषधं असणार. कुठं ठेवता?

गणपती_पेठ:
असं विचारतात का कुणी! नसलेलं डोक्यात घालाल.

सिस्टर_मिरज:
विचारल्यानं डोक्यात येत नाही. आधीच येत असेल तर कुणाशी तरी बोलता येतं. "असलं काही नाही ना रे?" असं मात्र विचारू नका, त्याला "नाही" एवढंच उत्तर असतं. हो म्हणाला तर समजूत घालू नका, देवाची शपथ घालू नका, ऐका. एकटा ठेवू नका. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

द्राक्षबाग:
औषधं त्याच्याच खोलीखाली, शेडमध्ये. कुलूप नाही.

कृष्णाकाठ:
इथं लिहू नका, आधी चुलत्यांना फोन लावा.

आयर्विन_पूल:
ईडब्ल्यूएसचं पण बघून ठेवा.

द्राक्षबाग:
चुलत्यांनी सगळे डबे उचलून दुसऱ्या वस्तीवर नेले. १४४१६ ला मी बोललो, त्यांनीही हेच सांगितलं. मग त्याला फोन केला आणि विचारलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "येतं दादा. रोज येतं." आज चुलते त्याच्याजवळ झोपणार आहेत. मी स्वारगेटला गाडीत बसलोय. सकाळी न्यायचं म्हटल्यावर नाही म्हणाला नाही. सिव्हिलला नेऊ का मिरजेला?

सिस्टर_मिरज:
सांगली सिव्हिल. मानसोपचाराची ओपीडी सकाळी असते, लवकर पोचा. आधार कार्ड घ्या, आधी काही गोळ्या चालू असतील तर त्याही. डॉक्टर त्याच्याशी एकट्याशी बोलायचं म्हणाले तर बाहेर थांबा. आणि रात्रीत काही वेगळं वाटलं तर ओपीडीची वाट बघू नका, १०८ ला फोन करून थेट कॅज्युअल्टीला न्या, हे चुलत्यांनाही आत्ताच सांगून ठेवा.