कुत्रं भुंकलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का हो?

तिरसट_तात्या
गेल्या आठवड्यात एका महाशयांनी मॅडलिन मॅकॅनवर (आईबापांबरोबर पोर्तुगालला सुट्टीला गेलेली आणि तिथून नाहीशी झालेली ती इंग्रज पोरगी) हातभर लांब पोस्ट टाकली होती, सारांश असा की इंग्लंडच्या ट्रेन केलेल्या कुत्र्यांनी आईबापांच्या घरात आणि गाडीत प्रेताचा वास पकडला, कुत्री खोटं बोलत नाहीत, सबब आईबापच दोषी. मी दुर्लक्ष केलं. काल तीच पोस्ट आमच्या सोसायटीच्या कायप्पावर (व्हॉट्सॅपवर) खाली 'सर्वांना पाठवा' लावून आली तेव्हा मात्र डोकं सणकलं.

३ मे २००७, पोर्तुगाल, प्राया दा लुझ, रिसॉर्टमधलं ५ए नंबरचं घर, हे सगळं उगाळत बसत नाही, मालिका सगळ्यांनी बघितल्यात. फक्त कुत्र्यांचं बोलू. एडी प्रेताच्या वासावरचा, कीला रक्तावरची. दोघं आली जुलैच्या शेवटी, म्हणजे पोरगी जाऊन जवळजवळ तीन महिने झाल्यावर, आणि मधल्या काळात त्याच घरात दुसरी पर्यटक मंडळी राहून गेलेली. ज्या रेनॉ गाडीत वास आला म्हणतात ती गाडी तर आईबापांनी भाड्याने घेतली मे महिन्याच्या शेवटी. म्हणजे तीन आठवडे मृतदेह कुठेतरी लपवला, सगळ्या जगाचे कॅमेरे दारात असताना बाहेर काढला आणि गाडीत घातला, असं मानायचं.

बरं, कुत्र्यांचा जो हँडलर होता त्यानेच अहवालात लिहिलंय की दुसरा पुरावा जोडीला नसेल तर नुसत्या भुंकण्याला पुरावा म्हणून किंमत नाही. हे वाक्य कुणी फॉरवर्ड करत नाही. मग नमुने गेले बर्मिंगहॅमच्या लॅबमध्ये, आणि तिथल्या शास्त्रज्ञाने ईमेलने निकाल कळवला. गाडीतल्या नमुन्यात डीएनएचे एकूण ३७ घटक आले, ते किमान तीन माणसांचे मिसळलेले, त्यातले १५ मॅडलिनच्या १९ शी जुळत होते. पोस्टमध्ये काय? '१९ पैकी १५ जुळले!!!' त्याच ईमेलमध्ये तो शास्त्रज्ञ पुढे म्हणतो की हे मिश्रण अर्थ लावण्यापलीकडचं आहे आणि यातले घटक तर आमच्या लॅबमधल्या कितीतरी जणांत, माझ्यातसुद्धा, सापडतात. आईबाप आणि जुळी भावंडं ती गाडी वापरत होती, त्यांच्यात तिचे घटक नसतील तर कुणात असतील?

आणि हाच एडी २००८ मध्ये जर्सी बेटावरच्या जुन्या अनाथाश्रमात नेला होता. तिथे जे 'लहान मुलाच्या कवटीचा तुकडा' म्हणून जगभर गाजलं, ते नंतर लाकूड किंवा नारळाची करवंटी निघालं. करवंटी! कोकणातल्या माणसाने लांबून ओळखली असती.

झणझणीत_मिसळ
ती पोस्ट माझी होती तात्या, 'एका महाशयांनी' कशाला, नाव घ्या की.

करवंटी मस्त, पण सोयीची. दोन वेगळी कुत्री, दोन वेगळ्या वासांवर शिकवलेली, आणि दोघं सोफ्यामागे त्याच जागी थांबतात. बाजूची घरं दाखवली तिथे काही नाही, बाकीच्या गाड्या दाखवल्या तिथे काही नाही, हे तुम्ही का गाळलंत? आणि आईने ७ सप्टेंबरला पोलिसांच्या ४८ प्रश्नांना उत्तर दिलं नाही. ४८! स्वतःचं लेकरू हरवलेली बाई गप्प बसते? माझं पोर हरवलं तर मी पोलिसांना माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं नावसुद्धा सांगेन.

काळा_कोट
मिसळराव, अशील असता तर तुम्हाला पहिली तंबी मीच दिली असती की गोळ्यांचं नाव सांगू नका.

त्या दिवशी तिला 'अर्गिदो' केलं होतं, म्हणजे अधिकृत संशयित. त्या दर्जाबरोबर तिथल्या कायद्याने गप्प राहायचा हक्क मिळतो. आपल्या घटनेत कलम २०(३) आहेच. वकिलाने सांगितलं बोलू नको, ती बोलली नाही. त्यावरून दोषी ठरवायचं तर आमच्या बार रूममध्ये चहा प्यायलाही कुणी उरणार नाही. आणि २१ जुलै २००८ ला पोर्तुगालने दोघांचा तो दर्जा काढून घेतला, पुरावा नाही म्हणून.

कुत्र्यांबद्दल म्हणाल तर लांब जायला नको. सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात श्वानपथकाच्या पुराव्यावर बोलून ठेवलंय, की कुत्रं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शपथ घेऊन उलटतपासणी देऊ शकत नाही, त्यामुळे अशा पुराव्याला फारसं वजन देता येत नाही. तपासाला दिशा म्हणून वापरा, फाशी देऊ नका.

झणझणीत_मिसळ
कोर्टात काय टिकतं आणि खरं काय घडलं यात फरक असतो वकीलसाहेब, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत.

ठाण्याची_मावशी
ते डीएनए बिएनए मला कळत नाही. मला एकच सांगा, चार वर्षांची पण न झालेली पोर आणि दोन दोन वर्षांची जुळी, अशी तीन लेकरं एकटी झोपवून दार नुसतं लोटून हे लोक पन्नास मीटरवर तापास खायला आणि वाइन प्यायला बसतातच कसे? म्हणे अर्ध्या तासाने बघून येत होतो. आपल्याकडे आई बाथरूमला जातानासुद्धा शेजारणीला हाक मारून जाते. दोघंही डॉक्टर, शिकलेले! मला तर बाकी काही ऐकायचंच नाही.

काठावरचा
+१ मावशी. मुद्दा इथेच संपतो.

लेस्टरची_सून
नाही संपत. मी गेली काही वर्षं लेस्टरजवळ राहते, रॉथली हे त्यांचं गाव आमच्यापासून गाडीने जवळच. २००७ ला त्या गावच्या चौकात पिवळ्या फिती आणि टेडी बेअर यांचा खच पडला होता, हे इथली जुनी माणसं अजून सांगतात. आणि त्याच काउंटीतली एक ६३ वर्षांची बाई, टोपणनावाने या आईबापांवर ट्विटरवर रोज लिहायची. २०१४ मध्ये टीव्हीवाल्यांनी तिला घरासमोर गाठून कॅमेरा तोंडासमोर धरला आणि काही दिवसांनी ती एका हॉटेलात मृत सापडली. तिचं लिहिणं चूक होतं. पण तिच्याशी जे झालं तेही तेच होतं, एका माणसाला जगासमोर उभं करून तूच दोषी म्हणायचं. दोन्ही बाजूंना चटक तीच लागलेली असते.

आता मावशींचं. मावशी, रागावू नका, पण 'आपल्याकडे' म्हणजे कुठे? आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. आईबाबा नऊ ते बाराचा शो बघायला जायचे तेव्हा आम्ही तिघं भावंडं घरात झोपलेली, दाराला कडी नाही, आणि समोरच्या काकूंना 'जरा लक्ष ठेवा हं' एवढंच. काकू स्वतः घोरत असायच्या. आमचं काही झालं नाही म्हणून माझी आई चांगली आई, त्यांचं झालं म्हणून ती वाईट. एवढाच फरक आहे.

ठाण्याची_मावशी
चाळ म्हणजे चाळ ग बाई! तिथे चाळीस डोळे असायचे. परदेशात अनोळखी रिसॉर्टमध्ये कोण होतं? रिसॉर्टला संध्याकाळचं पाळणाघर होतं ना, तिथे ठेवायचं.

ईएमआयग्रस्त
सगळ्या मावश्यांना एक विचारतो, आज आपल्या घरी पोळ्या करायला येणारी बाई तिची पोरं कुठे ठेवून येते हे कधी विचारलंय का? आमच्याकडे येते तिची सहा वर्षांची मुलगी तीन वर्षांच्या भावाला सांभाळते, बाहेरून कडी घालून. रोज. तिच्यावर धागा काढा ना. डॉक्टर बाईने वाइन प्यायली म्हणून चीड येतेय तुम्हाला, दार उघडं होतं म्हणून नाही.

ठाण्याची_मावशी
माझ्या कामवालीच्या मुलांची फी मी भरते, मला शिकवू नका. आणि ती पोटासाठी जाते, वाइनसाठी नाही.

काठावरचा
हल्लीच्या आया करिअरच्या मागे, पोरं डे-केअरमध्ये, म्हणून हे सगळं

लेस्टरची_सून
तो बापही त्याच टेबलावर जेवत होता. त्याच्या करिअरबद्दल कुणी का बोलत नाही? इतके प्रतिसाद झाले, सगळ्यांच्या तोंडी 'आई' 'आई'.

तिरसट_तात्या
धागा कुत्र्यांचा होता, पाळणाघराचा झाला. चालू द्या.

मिसळ, तुमच्यासाठी अजून एक. त्या रात्री सव्वानऊच्या सुमारास त्यांच्याच ग्रुपमधल्या एका बाईने मूल उचलून नेणारा माणूस पाहिला होता. त्याचं चित्र काढलं गेलं आणि त्याच्यावरून वर्षानुवर्षं इंटरनेटवर किती लोकांनी किती जणांची थोबाडं जुळवून बघितली. २०१३ मध्ये लंडनच्या पोलिसांनी सांगितलं की तो बहुधा एक साधा पर्यटक बाप, पाळणाघरातून स्वतःची मुलगी घेऊन खोलीवर चाललेला. सहा वर्षं! आणि सुरुवातीला शोधात दुभाषा म्हणून मदत करणाऱ्या तिथल्या ब्रिटिश माणसावर एका पत्रकाराला 'वागणं विचित्र वाटलं', झाला तो पहिला संशयित. नंतर वर्तमानपत्रांनी त्याला सहा लाख पौंड भरपाई दिली. आईबापांनाही एका वृत्तपत्र समूहाने साडेपाच लाख पौंड आणि पहिल्या पानावर माफी दिली. आमच्या सोसायटीचा कायप्पा ग्रुप कुणाला काय देणार आहे?

झणझणीत_मिसळ
पेपरवाले पैसे देतात ते वकिलांच्या भीतीने. त्याने सत्य बदलत नाही. आणि २००८ ला पोर्तुगीज पोलिसांनी स्वतःच फाइली खुल्या केल्या, आम्ही चोरून नाही वाचल्या. लोकांसमोर ठेवल्यात तर लोक बोलणारच. गप्पांनी कुणाचं काय जातं?

साक्रीकर
काय जातं सांगतो. मी साक्री तालुक्यातला, जिल्हा धुळे. १ जुलै २०१८, राईनपाड्याचा आठवडे बाजार, रविवार. मंगळवेढ्याकडचे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी, पिढ्यानपिढ्या भिक्षा मागत फिरणारे. त्यातल्या एकाने एका लहान मुलीशी बोललं एवढं निमित्त झालं. त्याआधी महिनाभर प्रत्येक फोनवर मुलं पळवणारी टोळी आली, टोळी आली. जो व्हिडिओ फिरत होता तो कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीचा, शेवटी मूल परत आणून देतात तेवढा भाग कापलेला. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही मेले. मारणारे कुणी गुंड नव्हते हो, बाजाराला आलेली माणसं होती, मेथीची जुडी पिशवीत असलेली. प्रत्येकाची खात्री होती की आपण लेकरं वाचवतोय.

तुमच्या मॅकॅनचं मला काही घेणंदेणं नाही. पण 'गप्पांनी काय जातं' हे वाक्य माझ्या तालुक्यात येऊन बोलून दाखवा.

झणझणीत_मिसळ
साक्रीकर, राईनपाडा आणि पोर्तुगालची पोलीस फाइल एका मापाने मोजू नका. तिकडे अफवा होती, इकडे कागद आहेत. बाकी तुमचा राग समजतो, त्या एका वाक्यापुरतं मागे घेतो. त्या एकाच.

साक्रीकर
उपकार झाले.

वारीवाला
सगळे इंटरनेटला शिव्या घालताय म्हणून माझंही ऐका. माझा भाचा सात वर्षांचा असताना स्टेशनवर गर्दीत हात सुटला. एका पोलीस ठाण्यात गेलो तर ठाणे अंमलदार म्हणतो, चोवीस तास बघा, नातेवाइकांकडे गेला असेल. सात वर्षांचं पोर नातेवाइकांकडे लोकल बदलून जाणार! बहिणीने फोटो आणि अंगातल्या शर्टाचं वर्णन ग्रुपवर टाकलं आणि रात्री एका वडापाववाल्याच्या मुलाने ओळखून फोन केला. त्यामुळे माझ्या घरात कायप्पाला कुणी वाईट बोलत नाही.

काळा_कोट
पोर मिळालं, बरं झालं. पण 'चोवीस तास थांबा' हे १० मे २०१३ नंतर कुठल्याही ठाण्याला म्हणता येत नाही. बचपन बचाओ आंदोलनच्या याचिकेत सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, हरवलेल्या मुलाची तक्रार आली की एफआयआर, अपहरण गृहीत धरूनच. अंमलदार ऐकत नसेल तर वरिष्ठांना लेखी द्या, १०९८ ही मुलांची हेल्पलाइन लावा. हे फॉरवर्ड करा, करायचंच असेल तर.

तिरसट_तात्या
वारीवाले, फोटो आणि शर्टाचा रंग पसरवणं निराळं, 'मामाच संशयित, बघा डोळे कसे फिरवतो' हे पसरवणं निराळं. तुमच्या वेळी कुणी तुमच्यावर पोस्ट टाकली असती तर? हात तुमच्याच हातातून सुटला होता ना?

वारीवाला
हो, माझ्याच. आणि टाकली नसली तरी बोलले बरेच जण, घरातलेच. आणि ती फोटोवाली पोस्ट अजून फिरते बरं का. पोरगा आता बारावीला आहे, मिशी फुटली, तरी वर्षातून दोन-तीनदा बहिणीला नागपूर नाहीतर सुरतेहून फोन येतो, 'ताई, तुमचा मुलगा सापडला का?' तो स्वतःच फोन उचलतो आणि सांगतो, मी सापडलो, आता डिलीट करा.

ईएमआयग्रस्त
🙏 हा प्रतिसाद धाग्याच्या वर लावा.

झणझणीत_मिसळ
तात्या, तो बर्मिंगहॅमचा ईमेल पूर्ण वाचला. हो, अर्थ लावता येत नाही असं लिहिलंय. '१९ पैकी १५' पोस्टमधून काढतो, खूश? कुत्र्यांचं राहू देतो. सोफ्यामागे दोघंही थांबली त्याचं उत्तर कुणाकडेच नाही, तुमच्याकडेपण नाही.

तिरसट_तात्या
नाहीच आहे. म्हणून मी पोस्ट टाकली नव्हती, तुम्ही टाकली होतीत.

ठाण्याची_मावशी
ते असू दे. पण बेबीसिटर ठेवायला काय झालं होतं त्यांना?